हवाई लढाईतील डावपेच

हवाई लढाईतील डावपेच म्हणजे शत्रूच्या विमानाशी गाठ पडण्यापूर्वी आणि गाठ पडल्यावर उंची, वेग, संख्या, माहिती, इंधन व विमानाचे अंगभूत गुण यांचा आपल्या बाजूने उपयोग करून घेण्याची पद्धत होय. दोन विमाने समान स्थितीत समोरासमोर येतात आणि अधिक कुशल वैमानिक जिंकतो, अशी लोकप्रिय समजूत आहे; चित्रपटांनी ती दृढ केली आहे. प्रत्यक्षात हवाई दले अशी समान स्थिती शक्यतो येऊ देत नाहीत. पाडल्या गेलेल्या अनेक वैमानिकांना आपल्यावर हल्ला होत आहे हे गोळ्या लागेपर्यंत कळलेलेच नसते. त्यामुळे लढाईचा निकाल पुष्कळदा पहिली गोळी सुटण्याआधीच, म्हणजे कोण कोठून, किती उंचीवरून आणि कोणत्या माहितीच्या आधारे लढाईत उतरला यावरून ठरतो.

या लेखात मुख्यतः भारतीय हवाई दलाच्या १९४८, १९६५ व १९७१ या वर्षांतील अनुभवांचा आणि अलीकडच्या काही घटनांचा आधार घेतला आहे.

उंची, वेग आणि सूर्य

उंची ही विमानाची साठवलेली ऊर्जा आहे. उंचावरील वैमानिक सूर मारून तिचे वेगात रूपांतर करू शकतो आणि हल्ला फसल्यास त्याच वेगाच्या जोरावर पुन्हा वर जाऊ शकतो. खालच्या वैमानिकाला मात्र वर चढताना वेग गमवावा लागतो. पहिल्या महायुद्धातील जर्मन वैमानिक ओस्वाल्ड ब्योल्के याने १९१६ मध्ये आपल्या सहकाऱ्यांसाठी हवाई लढाईचे काही नियम लिहून काढले. हल्ल्यापूर्वी अनुकूल स्थिती मिळवावी, शक्य तर सूर्य पाठीशी ठेवावा, शत्रू जवळ आल्यावरच गोळी झाडावी व शक्यतो मागून हल्ला करावा, हे त्यांतील प्रमुख होत. विमाने लाकूड व कापडाची होती, त्या काळातील हे नियम जेट विमानांच्या युगातही प्रशिक्षणाचा पाया राहिले.

वेगाला दुसरी बाजूही आहे. वळण घेताना विमानावर तितकाच ताण पडत असेल, तर वेग दुप्पट झाल्यावर वळणाची त्रिज्या चौपट होते. म्हणून वेगवान विमान वळणांच्या लढाईत अडकले तर हळू पण चपळ विमान त्याच्या आतून वळून मागे येते. यावर उपाय एकच, वळणांच्या लढाईत पडूच नये. अमेरिकन अधिकारी क्लेअर शेनॉल्ट यांच्या स्वयंसेवक वैमानिकांनी १९४१-४२ मध्ये ब्रह्मदेश व चीनमध्ये हेच केले. त्यांची पी-४० विमाने जड होती. जपानी विमाने हलकी व चपळ होती. जपानी विमानाबरोबर वळायचे नाही, उंचावरून सूर मारायचा, एक मारा करायचा आणि वेगाने निघून जायचे, असा त्यांचा शिरस्ता होता. गनिमी काव्याशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला यातील तत्त्व नवे वाटणार नाही: रणभूमी आणि वेळ आपण निवडायची व अंगाशी येण्यापूर्वी निसटायचे.

१९६५: व्हॅम्पायर आणि नॅट

विमानाच्या गुणदोषांचा विचार न करता ते लढाईत पाठवले तर काय होते, याचे उदाहरण १ सप्टेंबर १९६५ रोजी छांब क्षेत्रात दिसले. पाकिस्तानी रणगाड्यांची आगेकूच थोपवण्यासाठी सायंकाळी पठाणकोटहून व्हॅम्पायर विमाने पाठवण्यात आली. व्हॅम्पायर हे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस विकसित झालेले जेट विमान होते. त्या आकाशात पाकिस्तानची एफ-८६ सेबर विमाने होती. ती अधिक वेगवान व अधिक चांगल्या शस्त्रांनी सज्ज होती. त्या दिवशी भारताने चार व्हॅम्पायर गमावली. वैमानिकांच्या धैर्यात काही उणीव नव्हती, परंतु सेबरशी सामना झाल्यास उपयोगी पडेल असा एकही गुण त्यांच्या विमानात नव्हता. यानंतर व्हॅम्पायर आघाडीवरून मागे घेण्यात आली.

दोनच दिवसांनी चित्र पालटले. पठाणकोटला आणलेली नॅट विमाने सेबरपेक्षा खूप लहान होती. नॅटच्या पंखांची रुंदी सुमारे ६.७ मीटर, तर सेबरची ११ मीटरहून अधिक होती. इतके लहान विमान काही किलोमीटरांवरून डोळ्यांना दिसणे कठीण असते. नॅट वेगाने उंची गाठत असे आणि त्यावर ३० मिलिमीटरच्या दोन तोफा होत्या. दोषही होते: तोफा वारंवार अडकत, नियंत्रणयंत्रणा नाजूक होती आणि इंधन थोडे मावत असे. पाकिस्तानच्या काही सेबरवर उष्णतेचा माग काढणारी साइडवाइंडर क्षेपणास्त्रे होती. भारतीय नॅटवर क्षेपणास्त्र नव्हते. मात्र त्या काळचे साइडवाइंडर लक्ष्याच्या मागील बाजूनेच सोडावे लागे आणि लक्ष्य तीव्र वळण घेत असल्यास ते सहज चुकत असे.

३ सप्टेंबरच्या योजनेत या सर्व गोष्टींचा विचार होता. मिस्टीअर विमाने उंचीवर उडवून पाकिस्तानी रडारला दिसू देण्यात आली. नॅट विमाने मात्र रडारच्या नजरेखाली, जमिनीलगत निघाली. मिस्टीअरना गाठण्यासाठी सेबर आल्या, मिस्टीअर खाली सूर मारून परतली आणि नॅट एकाएकी वर चढली. या चकमकीत स्क्वाड्रन लीडर ट्रेव्हर कीलर यांनी एका सेबरवर मारा केला. त्यांना ती पाडल्याचे श्रेय व वीरचक्र मिळाले. पाकिस्तानी नोंदींनुसार ती सेबर मोडक्या अवस्थेत तळावर परतली. त्याच दिवशी एक भारतीय नॅट पाकिस्तानातील पसरूर येथे उतरले व त्याचा वैमानिक पकडला गेला. असे का झाले याची दोन्ही देशांनी दिलेली कारणे वेगळी आहेत. दुसऱ्या दिवशी फ्लाइट लेफ्टनंट व्ही. एस. पठानिया यांनीही सेबरविरुद्ध यश मिळवले. पुढे नॅटला 'सेबर स्लेयर', म्हणजे सेबरचा कर्दनकाळ, असे नाव पडले. नावातील अतिशयोक्ती सोडली तरी विमानाच्या लहानपणाचेच शस्त्र करण्याची कल्पना यशस्वी झाली होती, हे मान्य करावे लागते.

आपल्या भूमीवर लढण्याचा लाभ

६ सप्टेंबर १९६५ रोजी संधिप्रकाशात पाकिस्तानच्या तीन सेबर विमानांनी पंजाबातील हलवारा तळावर हल्ला केला. त्यांचे नेतृत्व स्क्वाड्रन लीडर सरफराज रफीकी यांच्याकडे होते. सोबत युनूस हुसेन व सेसिल चौधरी हे वैमानिक होते. तळावर गस्त घालत असलेल्या हंटर विमानांपैकी दोन फ्लाइंग ऑफिसर पी. एस. पिंगळे व फ्लाइंग ऑफिसर ए. आर. गांधी उडवत होते. सुरुवातीचा लाभ हल्लेखोरांना मिळाला. रफीकी यांनी पिंगळे यांचे विमान पाडले. मग रफीकी यांच्या मशीनगन बंद पडल्या. गांधी यांनी एका सेबरवर मारा केला, पण थोड्याच वेळात त्यांचेही विमान पडले. तेवढ्यात राठोड व नेब या वैमानिकांची दुसरी हंटर जोडी लढाईत उतरली. रफीकी व युनूस हुसेन दोघेही मारले गेले. चौधरी एकटे परतले.

विमानांच्या हिशेबात हा सामना दोनास दोन असा सुटला. वैमानिकांच्या हिशेबात तो तसा नव्हता. पिंगळे व गांधी विमानातून उडी घेऊन हवाई छत्रीने आपल्याच भूमीवर उतरले. पाकिस्तानने दोन अनुभवी वैमानिक कायमचे गमावले. हल्लेखोरांना परतीचे इंधन राखून लढावे लागत होते. रक्षकांना धावपट्टी पायाखालीच होती.

या फरकाचे मोल दहा दिवसांनी दिसले. १६ सप्टेंबर रोजी पिंगळे पुन्हा हंटर घेऊन आकाशात होते. त्या चकमकीत त्यांचे सहकारी बनशा हे एम. एम. आलम यांच्या माऱ्याने मृत्युमुखी पडले आणि पिंगळे यांनी शौकत-उल-इस्लाम यांची सेबर पाडली. शौकत यांनीही विमानातून सुखरूप उडी घेतली. पण ते भारतीय भूमीवर उतरले आणि युद्धकैदी झाले. दहा दिवसांपूर्वी जो प्रसंग पिंगळे यांच्यावर आला तोच येथे विरुद्ध बाजूने घडला, आणि केवळ जमीन वेगळी असल्याने एक वैमानिक युद्धात परतला, दुसरा परतला नाही.

१९४० मध्ये ब्रिटनवरील हवाई युद्धातही हेच घडले होते. जर्मनीची मेसरश्मिट १०९ विमाने लंडनवर पोहोचेपर्यंत त्यांचे इंधन इतके संपत असे की, लढण्यासाठी त्यांना थोडीच मिनिटे मिळत. पाडले गेलेले ब्रिटिश वैमानिक काही वेळा त्याच दिवशी आपल्या तुकडीत परतत असत.

माहिती आणि भूनियंत्रण

त्याच युद्धात ब्रिटनने किनाऱ्यावरील रडार, निरीक्षकांची साखळी, दूरध्वनी आणि नियंत्रण कक्ष यांची एकत्रित व्यवस्था उभारली होती. तिच्यामुळे मोजक्या विमानांना सतत गस्त घालण्याची गरज उरली नाही. शत्रू येत असल्याचे कळल्यावर योग्य ठिकाणी योग्य संख्येने ती पाठवता येऊ लागली. रडारने ब्रिटनला एकही नवे विमान दिले नाही, पण असलेली विमाने वाया जाऊ दिली नाहीत.

भारतीय उपखंडातील याचे ठळक उदाहरण २२ नोव्हेंबर १९७१ रोजीची बोयरा येथील चकमक होय. पूर्व पाकिस्तानच्या सीमेवर गरीबपूर येथे भारतीय सेना व मुक्तिवाहिनी लढत असताना पाकिस्तानी सेबर विमाने त्यांच्यावर हल्ले करीत होती. सकाळच्या दोन्ही हल्ल्यांच्या वेळी त्यांची भारतीय विमानांशी गाठ पडू शकली नाही. तिसऱ्या वेळी, दुपारी तीनच्या सुमारास, कोलकात्याच्या डमडम तळावरून निघालेली चार नॅट विमाने वेळेत पोहोचली. भूनियंत्रक फ्लाइंग ऑफिसर के. बी. बागची यांनी त्यांना रडारच्या साहाय्याने सेबरच्या मागे नेऊन सोडले. मॅसी, गणपती, लाझारस व सोआरिस हे वैमानिक तेथे आले तेव्हा सेबरचे वैमानिक जमिनीवरील लक्ष्यांत गुंतलेले होते. चकमक दोन-तीन मिनिटे चालली. भारताने तीन सेबर पाडल्याचे जाहीर केले. त्यांपैकी दोन नक्कीच पडल्या व त्यांचे वैमानिक पकडले गेले, तिसरी जायबंदी होऊन परतली असे पाकिस्तानचे म्हणणे आहे. पकडलेल्यांपैकी परवेझ मेहदी कुरेशी पुढे पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले.

सकाळच्या अपयशी प्रयत्नांत आणि दुपारच्या यशात विमाने तीच होती. फरक पडला तो सूचना आणि उड्डाण यांमधील काही मिनिटांचा. बोयराच्या आठवणीत वैमानिकांची नावे पुढे असतात, ते स्वाभाविक आहे; परंतु सामना ज्याने जुळवून आणला तो मनुष्य जमिनीवर, रडारच्या पडद्यासमोर बसलेला होता.

नाशिकजवळील ओझर आणि मिग-२१

१९७१ च्या युद्धातील मिग-२१ एफएल विमानांचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. या विमानांच्या परवाना-उत्पादनासाठी १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझर येथे कारखाना उभारण्यात आला. हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेडच्या या विभागात पुढे मिग-२१ च्या नंतरच्या आवृत्त्या, मिग-२७ आणि सुखोई-३० एमकेआय ही विमानेही तयार झाली.

पाकिस्तानकडील एफ-१०४ स्टारफायटर आणि भारताचे मिग-२१ ही दोन्ही ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडू शकणारी विमाने होती. स्टारफायटरचे पंख अतिशय आखूड होते. सरळ रेषेत ते अतुलनीय, परंतु वळणात अवजड होते. १२ डिसेंबर १९७१ रोजी जामनगरजवळ, कच्छच्या आखातावर फ्लाइट लेफ्टनंट बी. बी. सोनी यांनी एका स्टारफायटरचा कमी उंचीवर पाठलाग करून ते पाडले. त्याचे वैमानिक विंग कमांडर मर्विन मिडलकोट समुद्रात पडले व सापडले नाहीत. विरळ हवेच्या उंचीवर स्टारफायटरला जो वेगाचा लाभ मिळत असे, तो समुद्रसपाटीजवळील दाट हवेत पुरेसा ठरला नाही.

विमाने उडूच न देणे

आकाशात शत्रूला हरवण्यापेक्षा त्याला जमिनीवरच अडवणे स्वस्त पडते. ६ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानी सेबरनी पठाणकोट तळावर उभी असलेली दहा भारतीय विमाने नष्ट केली. एका सायंकाळी एका तळावर झालेली ही हानी अनेक हवाई चकमकींपेक्षा मोठी होती. १९७१ मध्ये भारताने पूर्व आघाडीवर वेगळा मार्ग घेतला. ढाक्याजवळील तेजगाव येथे सेबर विमाने सुरक्षित जागी ठेवलेली होती, म्हणून मिग-२१ विमानांनी सूर मारून धावपट्टीवरच बॉम्ब टाकले. धावपट्टी निकामी झाल्यावर विमाने शाबूत असूनही उडू शकली नाहीत. युद्ध सुरू झाल्यापासून काही दिवसांतच पूर्वेकडील आकाश पूर्णपणे भारताच्या ताब्यात आले.

हवाई वर्चस्व एकतर्फी असते तेव्हा काय होते, याचा अनुभव मराठवाड्याने त्याआधीच घेतला होता. हदगावसह नांदेड जिल्हा व बाकीचा मराठवाडा १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाच्या फौजेकडे लढाऊ हवाई दल नव्हते. ऑस्ट्रेलियन वैमानिक सिडनी कॉटन कराचीहून रात्री विमानाने शस्त्रे आणून पोहोचवीत असे, एवढाच तिचा हवाई आधार. १३ सप्टेंबर रोजी 'ऑपरेशन पोलो' सुरू झाल्यावर भारतीय हवाई दलाने बिदर व वरंगळ येथील धावपट्ट्यांवर बॉम्बफेक केली, त्यामुळे हा मार्गही बंद झाला. सोलापूरकडून निघालेली मुख्य तुकडी नळदुर्ग व उमरग्यामार्गे पुढे सरकत असताना, वाटेत दबा धरून बसलेल्या फौजेची ठाणी हवाई टेहळणीत दिसली. टेम्पेस्ट विमानांनी त्यांवर हल्ले केल्यावर १४ सप्टेंबरला सैन्य राजेश्वरपर्यंत पोहोचले. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. हाच दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो. या मोहिमेत एकही हवाई लढाई झाली नाही. डावपेचांच्या दृष्टीने हवाई दलाला याहून अनुकूल स्थिती मिळू शकत नाही, आणि म्हणूनच या मोहिमेवरून वैमानिकांच्या कौशल्याविषयी फारसे अनुमान काढता येत नाही.

क्षेपणास्त्रांचे युग

दृष्टीपलीकडे मारा करणाऱ्या क्षेपणास्त्रांमुळे उंची व वेगाचे महत्त्व संपले, असे अनेकदा म्हटले जाते. ते बरोबर नाही. उंचावरून व वेगाने जाणाऱ्या विमानाने सोडलेले क्षेपणास्त्र अधिक दूर जाते, कारण त्याला आरंभीच अधिक ऊर्जा मिळते आणि विरळ हवेत विरोध कमी होतो. लक्ष्याने मागे वळून पळ काढला तर तेच क्षेपणास्त्र बरेच कमी अंतर गाठते. म्हणून आजचे वैमानिक क्षेपणास्त्र सोडून लगेच वळतात, शत्रूच्या क्षेपणास्त्राची ऊर्जा संपू देतात आणि पुन्हा पुढे येतात. ब्योल्केच्या काळात शेकडो मीटरांत खेळला जाणारा डाव आता शेकडो किलोमीटरांत खेळला जातो.

बदल झाला आहे तो माहितीच्या वाट्यात. हवाई टेहळणी विमान, भूस्थित रडार आणि लढाऊ विमाने एकमेकांशी जोडलेली असतील, तर स्वतःचे रडार बंद ठेवूनही वैमानिकाला शत्रूचे स्थान कळते. उलट ओळख पटवण्याची व्यवस्था ढिसाळ असेल तर घातच होतो. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी, बालाकोटवरील हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, दोन्ही देशांची विमाने काश्मीरच्या आकाशात असताना बडगाम येथे भारताचे एमआय-१७ हेलिकॉप्टर भारताच्याच भूमीवरून सुटलेल्या क्षेपणास्त्राने पडले. हवाई दलाचे सहा जण व एक नागरिक मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हवाई दलप्रमुखांनी ही मोठी चूक असल्याचे मान्य केले. त्याच दिवशी मिग-२१ पडल्याने विंग कमांडर अभिनंदन वर्धमान नियंत्रणरेषेपलीकडे पकडले गेले व १ मार्चला परतले. त्यांनी पाकिस्तानचे एफ-१६ पाडले हा भारताचा दावा पाकिस्तानला अमान्य आहे.

मे २०२५ मधील संघर्षात विमाने मुख्यतः आपापल्या हद्दीत राहून लढली. संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी मेअखेरीस सिंगापूर येथे, आकडा न देता, भारताची विमाने पडल्याचे मान्य केले आणि डावपेचांतील चूक शोधून ती सुधारल्यावर दूरवरचे हल्ले पुन्हा सुरू केल्याचे सांगितले. ऑगस्टमध्ये हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग यांनी पाकिस्तानची पाच लढाऊ विमाने व एक मोठे विमान पाडल्याचा दावा केला. मोठे विमान सुमारे ३०० किमी अंतरावरून पाडल्याचे त्यांचे म्हणणे होते. पाकिस्तानने हा दावा फेटाळला.

प्रशिक्षण

व्हिएतनाम युद्धात अमेरिकेची विमाने तांत्रिकदृष्ट्या सरस असूनही त्यांना अपेक्षित यश मिळेना, कारण क्षेपणास्त्रांवर भिस्त ठेवून जवळच्या लढाईचे शिक्षण मागे पडले होते. व्हिएतनामी मिग विमाने भूनियंत्रकाच्या सूचनेनुसार मागून येत, एक मारा करीत आणि निघून जात. यावर उपाय म्हणून अमेरिकन नौदलाने १९६९ मध्ये 'टॉप गन' या नावाने प्रसिद्ध झालेली प्रशिक्षणशाळा सुरू केली. भारतातही १९७१ मध्ये आदमपूर येथे डावपेचांच्या अभ्यासासाठी स्वतंत्र तुकडी स्थापन झाली. 'टॅकडे' या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी ही संस्था आता ग्वाल्हेर येथे आहे. निवडक वैमानिकांना व भूनियंत्रकांना तेथे एकत्र शिकवले जाते. प्रशिक्षणात वेगवेगळ्या जातींची विमाने एकमेकांविरुद्ध उडवली जातात, कारण आपल्याच प्रकारच्या विमानाशी सराव करून शत्रूच्या विमानाचे दोष कळत नाहीत.

दाव्यांची विश्वासार्हता

हवाई लढाईतील यशाचे आकडे सावधपणे वाचावे लागतात. धूर सोडत खाली जाणारे विमान पडले असे वैमानिकाला प्रामाणिकपणे वाटते, आणि ते कधी कधी तळावर पोहोचते. दोन वैमानिक एकाच विमानावर मारा करून स्वतंत्रपणे श्रेय घेतात. ७ सप्टेंबर १९६५ रोजी सर्गोध्यावर एम. एम. आलम यांनी एका मिनिटाच्या आत पाच हंटर पाडल्याचे पाकिस्तानात मानले जाते. भारतीय नोंदींना हा आकडा मान्य नाही. अवशेष, वैमानिकाचा मृत्यू किंवा कैद आणि विरुद्ध बाजूची कबुली या तिन्हींपैकी काही उपलब्ध असेल तेथेच संशोधक दावा निश्चित धरतात. हलवारा व बोयरा या चकमकींचा मुख्य वृत्तांत या कसोटीला उतरतो. १९६५ मध्ये पसरूरला उतरलेले नॅट कराची येथील पाकिस्तानी हवाई दलाच्या संग्रहालयात ठेवलेले आहे.